आमच्या होडीचं बारसं

पहिलंच सांगून टाकतो... या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते फक्त चुका काढायला. कुणी लिहिलं की माळ्यावर पावलं वाजली, की मी म्हणायचो — उंदीर असतील, गप झोप! जन्म गेला तांत्रिक शाळेच्या वर्कशॉपमध्ये, पोरांना वेल्डिंग शिकवण्यात. हाताला लागतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, एवढंच माझं शास्त्र. आणि आज मीच लिहून राहिलोय. हसायचं तर हसा, माझी काही तक्रार नाही.

आम्ही मूळचे चाकूरचे. रिटायर झाल्यावर नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला घर केलं. घरात दोघंच — मी आणि बायको कमल. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. आम्हाला एक मुलगी झाली होती. बारशाच्या आदल्या दिवशी गेली. कावीळ झाली होती, कुणाला कळलीच नाही. घरात पाहुणे आलेले, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातलेले, पाळण्याला फुलं बांधलेली. ते हरभरे शेवटी म्हशीपुढं टाकले. त्यानंतर मूल झालं नाही.

आमच्याकडं नाव आत्या ठेवते. आधी बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून सांगते, मग बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि मगच नाव सगळ्यांना कळतं. तोवर ती कुणाला सांगत नाही, बाळाच्या आईलासुद्धा नाही. पोरीची आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. लातूरला दिलेली. तिनं नाव ठरवून आणलं होतं आणि ते तिच्या पोटातच राहिलं.

कमलनं तिला किती वेळा विचारलं असेल! दिवाळीला, राखीला, लग्नाकार्यात, दर वेळी एकच. “आक्का, काय ठेवणार होता हो तुम्ही?” आक्का दर वेळी तोंड फिरवायची. “ते कानात सांगायचं होतं गं माय. कान गेला, नाव गेलं. न ठेवलेलं नाव बोलून दाखवू न्हाई.” एकदा मी चिडून म्हणालो, “आक्का, सांगून टाक ना एकदाची, काय आभाळ कोसळतंय का?” तर ती पदर तोंडाला लावून उठूनच गेली. आमची पोर गेल्याचं तिलाही तेवढंच लागलं होतं, पण हट्ट म्हणजे हट्ट.

पुढं आक्काला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं आता येणार नाही. कमल त्या दिवशी लातूरहून येताना एसटीत नांदेड येईपर्यंत खिडकीला डोकं लावून बसली होती. मला समजलं — तिच्या लेकीचं नाव आता कायमचं कुलूपबंद झालं.

आता होडीचं सांगतो. रिटायरमेंटनंतर आम्ही मालवणला गेलो होतो. तिथं कमल एका शिडाच्या होडीत बसली आणि हसली. म्हणजे मोकळं हसली. मी तिला तसं हसताना किती वर्षांनी बघितलं देव जाणे. परत आलो आणि मी वेड्यासारखा शोधत सुटलो. शेवटी मुंबईच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाची जुनी फायबरची होडी मिळाली. एक शीड, आत दोन माणसं आडवी होतील एवढी केबिन. ट्रकवर घालून आणली तेव्हा गल्लीत जत्रा भरली! शेजारचे अप्पा म्हणाले, “गुरुजी, लातूरकर टँकरची वाट बघून राहिलेत, अन् तुम्ही दारात जहाज उभं केलं?”

पण काय दिवस होते ते! धरणाच्या फुगवट्यात सकाळी शीड सोडायचं, वारं असेल तिकडं जायचं. स्टोव्हवर पिठलं, सोबत भाकरी आणि ठेचा. कमल सुकाणू धरायला शिकली, माझ्यापेक्षा चांगली. काठावर मासे धरणारे भोई तिला “बाई, जरा डावीकडं घ्या, तिथं खडक हाय” असं ओरडून सांगायचे.

होडीला नाव मात्र नव्हतं. मी म्हणालो, ‘गोदा’ लिहू. कमल म्हणाली, “अहो, तुम्ही कोण ठेवणार? हिचं बारसं होईल ते आक्कांच्या तोंडून.” मी म्हणालो, “अगं, आक्काला बोलता येत नाही.” ती म्हणाली, “मग राहू दे बिननावाची. आपल्याकडं सवय आहे.”

तरी ती मला घेऊन लातूरला गेली. आक्काला मोबाईलवर होडीचा फोटो दाखवला. आक्काच्या डोळ्याला धार लागली. कमल तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “आक्का, होडीला द्या हो ते नाव. आता तरी द्या.” आक्काचे ओठ हलले. पुन्हा हलले. घशातून नुसता वारा आला. माझा भाचा दारात उभा होता, तो म्हणाला, “मामी, नका तरास देऊ तिला.”

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी हे झालं. भर दुपार. ऊन असं की पाण्याकडं बघवत नव्हतं. वारं पडलेलं, शीड लोंबकळत होतं, होडी जागच्या जागी. आम्ही दोघंही बाहेर बसलेलो. मी दोरी गुंडाळत होतो, कमल डबा विसळत होती. काठ लांब, आसपास दुसरी होडी नाही. आणि केबिनच्या आतून आवाज आला.

“कुर्रर्र...”

बाळाच्या कानात करतात तसा. हळू, लाडाचा. माझ्या हातातली दोरी सुटली. मग आवाज आला, “शिवकांता.” आक्काचा आवाज होता हो! लकव्याच्या आधीचा, जरासा घोगरा, नाव घेताना शेवटी ओढणारा. मी सख्खा भाऊ आहे, तो आवाज ओळखायला मी चुकणार नाही.

कमलच्या हातातला डबा पाण्यात गेला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, “शिवकांता म्हणाल्या ना?” मी मान हलवली. आत डोकावलो — गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, दुसरं काही नाही. मोबाईल घरीच होता आणि रेडिओ आम्ही कधी ठेवला नाही.

वल्ही मारत काठाला आलो. घरी आलो तर भाच्याचे फोनवर फोन येऊन पडलेले. लावला. तो रडत होता. “मामा, आई गेली. दुपारीच.” तो पुढं म्हणाला, “पण मामा, जाताना बोलली हो! एवढ्या दिसांनी बोलली. नाव घेतलं कुणाचं तरी. शिवकांता. आपल्यात हाय का कुणी मामा, ह्या नावाची?”

मी फोन कमलकडं दिला.

नंतर मी डोकं लावलं, भरपूर लावलं. आक्कानं कधी कुणाजवळ ते नाव काढलं असेल, आमच्या कानावर आलं असेल? सगळ्या नात्यागोत्यात विचारून झालं, कुणाला माहीत नाही. उन्हाचा भास म्हणावा, तर दोघांना एकच नाव कसं ऐकू येईल? तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर सांगा, पण उगीच सांत्वन करायला लिहू नका.

आक्काचे दिवस झाल्यावर कमलनं स्वतः ब्रश घेऊन लाल रंगानं होडीवर नाव लिहिलं. हरभरे भिजवले, घुगऱ्या केल्या, गल्लीत घरोघर वाटल्या. मला वाटलं, सुटलो! एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं.

कुठलं काय. दुसऱ्या दिवशी ती एकटीच होडीवर गेली. मी मागून गेलो तर केबिनच्या तोंडाशी वाकून हाक मारून राहिली होती — “शिवकांता... अगं शिवू...” आणि मग कान देऊन गप्प. मी म्हणालो, “कमल, काय चाललंय हे?” ती अगदी शांतपणे म्हणाली, “नाव नव्हतं तोवर हाक कशी मारणार होते? आता मारते. ओ देईल ती.”

तेव्हापासून रोज. सकाळी जाते, हाक मारते, ऐकत बसते. जेवणाचं भान नाही. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दिलेल्या गोळ्या उशाशी तशाच पडलेल्या. पाणी उतरलं, होडी गाळात टेकली, शीड मी कधीच काढून ठेवलं. भोई आता काठावरून काही ओरडत नाहीत, आम्हाला बघून वाट बदलतात. मला वाटतं, ते नाव आलंच नसतं तर बरं झालं असतं. बिननावाचं दुःख तिनं जन्मभर पदराखाली सांभाळलं होतं. नावाचं तिला झेपत नाही.

पूर्वीचा मी असतो तर दरडावून सांगितलं असतं — अगं, मेलेलं माणूस बोलत नसतं, चल घरी! आता कोणत्या तोंडानं सांगू? मीच ऐकलंय. ती मला विचारते, “आक्कांचा आवाज लातूरहून इथवर आला, मग माझ्या लेकराचा एक शब्द का नाही येणार?” तुमच्याकडं आहे उत्तर?

काल संध्याकाळी तिला न्यायला गेलो. ती उठेना. मी गाळ तुडवत होडीत चढलो, तिच्या शेजारी बसलो. पाय दुखत होते, जीव नकोसा झाला होता. आणि काय वाटलं कोण जाणे, मी आत वाकलो आणि हाक मारली. “शिवकांता.” बाप होऊन इतकी वर्षं झाली, लेकीला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

कमलनं माझा हात धरला. “श्श... बोलू नका. ऐकू द्या.”

अंधारेपर्यंत आम्ही दोघं कान देऊन बसलो होतो. कुणी ओ दिली नाही.