डाव्या गुडघ्याची परीक्षा

"नाइन! नाइन! हात काढा!" जर्मन नर्स 'नको, नको' म्हणत एवढ्या जोरात ओरडली, की जर्मनीतल्या आमच्या नेकारसुल्म गावच्या मोटार कारखान्यातली शिफ्ट थांबली असावी.

हात बापूचा, गुडघा माझा. बापू माझा रूममेट, कोल्हापूरचाच. माझा गुडघा नारळाएवढा सुजलेला बघून त्यानं हॉस्पिटलच्या कॉटवरच तिळाच्या तेलाची बाटली उघडली होती.

"चोळल्याबिगर उतरतंय व्हय!" तो तिच्याशी मराठीतच भांडत होता.

उतरत नाही, वाढतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर बर्फ लावा आणि कोल्हापूरच्या मित्राला बाहेर बसवा.

कोल्हापुरात कॉलेजच्या संघाचा मी सेंटर फॉरवर्ड. माझा फटका पंचगंगेपलीकडं पडायचा; समोरचे गोलकीपर आदल्या दिवशीच आजारी पडायचे. इथं मास्टर्सला आलो तरी रविवारी गावच्या फेराइनकडून, म्हणजे क्लबकडून, खेळायचो.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? म्हणालो, सहा जर्मन अंगावर आले.

"धक्का कोणाचा लागला?"

"कोणाचाच नाही. गर्रकन वळलो आणि आत कट्ट झालं."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', डॉक्टर म्हणाले.

त्यांनी नडगी पुढं ओढली, तर ती टेबलाच्या खणासारखी सरकली. मग एमआरआय. अँटीरियर क्रूशिएट लिगामेंट तुटलं होतं. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा तो दोर. आर्थ्रोस्कोपी केली, म्हणजे बारीक छिद्रातून दुर्बीण घातली, आणि माझ्याच मांडीमागची कंडरा काढून नवा दोर बसवला.

फिजिओथेरपीच्या वेटिंग रूममधून फेराइनचं मैदान दिसायचं. गालिचाच तो. मला मात्र आमच्या कोल्हापूरच्या मैदानाची लाल माती दिसायची, पायऱ्यांवर खचाखच माणसं, माझ्या नावाच्या शिट्ट्या. उन्हाळ्यात तालमीकडून, म्हणजे आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाकडून, स्पर्धा खेळायची, एवढ्यासाठी मी ते रबराचे पट्टे ओढत होतो.

काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "पोहा, सायकल चालवा, सरळ पळा. गर्रकन वळणं नको."

माझं सगळं करिअर म्हणजे ते गर्रकन वळणंच होतं.

फोनकार्ड आणलं आणि कोल्हापूरला तालमीच्या वस्तादांना, म्हणजे आमच्या कोचना, फोन लावला. कॉलेजात असल्यापासून त्यांनीच मला घडवलेलं. म्हणालो, "वस्ताद, डॉक्टर म्हणतात, असा गुडघा उभ्या जर्मनीत बसवला नव्हता. तिकीट काढू?"

"डाव्या पायावर तीन बैठका मार. फोन कानालाच ठेव."

त्यांची रीतच ती. दुखण्यातून उठलेल्या गड्याला बैठका मारायला लावायच्या आणि आपण पाठ फिरवून नुसतं ऐकायचं. तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करू नका.

पहिली मारली. दुसरी मारली. तिसरीला पाय लटपटला. गुपचूप टेबल धरून उठलो, तर वरची कपबशी किणकिणली.

"झाल्या, वस्ताद! म्हणाल तर अजून पन्नास मारतो!"



"काय धरलंस?"

"टेबल."

"मग बघायला ये. पायरीवर जागा धरतो."