फोनताईची कच्ची वही

फोनताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं रेडिओ केंद्रात कोणी उरलं नव्हतं, आणि तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एवढंच ते केंद्र. आतल्या खोलीत माइक, बाहेरच्या खोलीत फोन, आणि फोनपाशी अकरा वर्षं ती. कार्यक्रम संपला की ऐकणाऱ्यांचे फोन यायचे. माणसं फोनवर भडाभडा बोलतात, म्हणून आधी पाठकोऱ्या कागदांच्या वहीत पेन्सिलीने जसंच्या तसं खरडायचं. ही कच्ची वही. मग सावकाश, सुवाच्य अक्षरात, मोठ्या रजिस्टरमध्ये उतरवायचं. ती पक्की. कच्ची भरली की फेकून द्यायची असा नियम होता. तिने एकही फेकली नाही. खालच्या खणात रबर लावून ठेवल्या. लोकांचं बोलणं केरात टाकणं तिच्या जिवावर यायचं.

बुधवारी संध्याकाळी सहाला मास्तर यायचे. निवृत्त शास्त्र शिक्षक. आठवडाभर वर्तमानपत्रांची, मासिकांची कात्रणं काढायचे आणि पंधरा मिनिटांत विज्ञानाच्या आणि पर्यावरणाच्या बातम्यांचा आढावा घ्यायचे. बायको गेली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी हे सुरू केलं. पहिल्या बुधवारी बाहेर आले, चष्मा पुसला आणि विचारलं, “काय म्हणाली मंडळी?”

फोन एकच आला होता, एका बाईचा. कच्च्या वहीत लिहिलेलं होतं: ‘खोकतात फार. घरी कोणी सांगत नाही का त्यांना? डॉक्टरला दाखवा म्हणावं.’

फोनताईने मास्तरांकडे पाहिलं. शर्टाचं वरचं बटण वेगळ्याच रंगाचं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच शिवलंय हे दोऱ्याच्या गाठीवरून कळत होतं. घरी कोणी सांगत नाही का, हे या माणसाला कसं वाचून दाखवायचं? “तुमचा आवाज घरातल्यासारखा वाटतो म्हणाल्या,” ती बोलून गेली. मास्तर जिना उतरताना शीळ घालत होते. आणि पक्क्या वहीत तिने तेच लिहिलं.

आता एकदा सवय लागली की लागली. मास्तरांनी वटवाघळं ढीगभर किडे खातात म्हणून त्यांचं कौतुक केलं, तर एक शिंपी कडाडला, “आमच्या गच्चीवरची त्यांची घाण येऊन पुसा म्हणावं, मग करा कौतुक.” पक्क्या वहीत: ‘वटवाघळांची माहिती आवडली.’ ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे ऐकून एका बाईने फोन केला, “माझ्या नवऱ्याला एक तरी आहे का, तेवढं मास्तरांना विचारा.” पक्क्या वहीत: ‘ऑक्टोपसची माहिती आवडली.’ ध्रुवावरचा बर्फ वितळतो म्हटल्यावर एक आजोबा रागावले, “दर आठवड्याला वितळवताय, अजून शिल्लक कसा?” हे मात्र काहीही करून गोड होईना. तिने लिहिलं: ‘बर्फाबद्दल आपुलकी वाटते.’

एक नकाशे काढणारे गृहस्थ होते, निवृत्त, भलतेच काटेकोर. त्यांचा फोन आला की फोनताई पेन्सिलीला आधीच टोक करून घ्यायची. वटवाघूळ आंधळं असतं, असं मास्तर एकदा बोलून गेले. नकाशेवाले म्हणाले, “चूक. त्याला दिसतं.” ताईने ते मास्तरांना सांगितलं नाही. मग मास्तर पुन्हा तेच बोलले. आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी नकाशेवाल्यांनी विचारलं, “ताई, माझा निरोप पोचतो का हो?” “पोचतो की,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

असं तीन वर्षं चाललं. मग नवे साहेब आले.

साहेब वाईट नव्हते, पण नवे होते. त्यांनी प्रत्येक कार्यक्रमाची पक्की वही मागवून घेतली. सगळ्यांचं वाचलं, मास्तरांचं वाचलं आणि ताईला बोलावलं.

“ताई, हे सगळे फोन करणारे एकाच शाळेत शिकले का? ‘आवडलं, आवडलं, घरातल्यासारखं वाटलं.’ तीन वर्षांत कोणी एक वाकडा शब्द बोललेलं नाही. नाटकांना लोक शिव्या घालतात, गाण्यांवरून भांडतात. इथे नुसतं गूळ-खोबरं.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “हे कोणी ऐकत नाही. मास्तरांचं मन राखायला कोणीतरी लिहितंय. पुढच्या महिन्यापासून बुधवारी सहाला फर्माईशी गाणी लावू. मास्तरांना मी सांगतो सोमवारी.”

ताई फोनपाशी परत आली. करायला गेली काय आणि झालं काय. मास्तरांच्या आठवड्यात तो एकच दिवस होता, बाकीचे सहा त्याच्या तयारीचे होते. तो बुधवार तिने आपल्या हातांनी, सुवाच्य अक्षरात बुडवला होता.

घरी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. सासूबाईंनी एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले.

“झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,” त्या म्हणाल्या. “पण त्या मुठीत दुसऱ्याचा माल असेल तर ती उघडावी गं बाई. त्या वह्या तुझ्या आहेत का? त्याला बोललेलं आहे ते.”

“त्यांना किती लागेल, आई.”

“लागू दे. सोमवारी साहेबाकडून जे लागेल त्यापेक्षा कमीच.”

रविवारी सकाळी ताई कापडी पिशवीत चौदा कच्च्या वह्या घेऊन मास्तरांच्या दारात उभी राहिली. टेबलावर कात्रणं, डिंकाची बाटली आणि एकच कप. तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. साहेबांचं, रजिस्टरचं, सगळं. “मी खोटं लिहीत होते, मास्तर. चांगल्या मनाने लिहिलं, पण खोटंच.”

मास्तरांनी पिशवी जवळ ओढली. चष्मा लावला आणि पहिली वही उघडली.

तो तास जन्मात सरणार नाही असं ताईला वाटलं. मास्तर पानं उलटत होते, आणि ती त्यांच्या चेहऱ्याऐवजी डिंकाच्या बाटलीकडे बघत होती. मध्येच एक आवाज आला. तिला वाटलं खोकला, पण मास्तर हसत होते. बोट ऑक्टोपसच्या नवऱ्यावर होतं. पुढे गेले, आणि हसू मावळलं.

“तीनदा, ताई?” ते म्हणाले. “तीनदा मी त्याला आंधळं म्हटलं, आणि तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“पोरांच्या वहीत मी एक काना चुकू दिला नाही. आणि इथे साऱ्या गावासमोर बिनधास्त चुका करत बसलो. का, तर मला वाईट वाटू नये म्हणून.” आवाज चढला नव्हता, म्हणून तर तो जास्त लागला. “मी काचेचा आहे का हो?”

ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने पदराने पुसलं आणि पुन्हा आलं.

मास्तर उठले, तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुन्हा वाचायला बसले. थोड्या वेळाने त्यांनी वह्या उघड्या करून ओळीने मांडल्या आणि एकाच प्रकारच्या ओळींवर बोट फिरवू लागले. ‘खोकतात फार.’ ‘खोकला वाढलाय, ओवा चघळा म्हणावं.’ ‘गेल्या बुधवारी का नव्हते? बरे आहेत ना?’ ‘आज कमी खोकले. बरं वाटलं.’

“ही कोण?”

“एक बाई. नाव सांगत नाहीत. दर बुधवारी करतात. पहिल्या दिवशी त्यांचं बोलणं फार टोचेल असं वाटलं, मग पुढचंही...”

मास्तरांचं बोट त्या ओळीवरच थांबलं. “आमची ही गेल्यापासून,” ते भिंतीकडे बघत म्हणाले, “मला खोकल्यावरून कोणी रागावलेलं नाही. मला वाटलं, आता कोणी रागावणारच नाही.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुसतच राहिले. “तीन वर्षं कोणीतरी रागावत होतं की.”

सोमवारी साहेबांच्या खोलीत वह्या मास्तर स्वतः घेऊन गेले. ताई दाराशी उभी होती, नोकरी राहते की जाते या धास्तीने. साहेबांनी बर्फवाले आजोबा वाचले, शिंपी वाचला आणि ऑक्टोपसपाशी तोंडावर हात धरला. “हे लोक तर भांडायला घड्याळ लावून बसतात,” ते म्हणाले. “राहू द्या बुधवार. आणि ताई, यापुढे पक्की वही बंद. मला कच्चीच दाखवायची.”

त्या बुधवारी ताई काचेपलीकडून बघत होती. मास्तरांनी सुरुवातच केली, “वटवाघळाला दिसतं. मी तीनदा चुकलो. नकाशेवाल्या साहेबांचा आभारी आहे.” मग मधमाश्या झाल्या, समुद्रातलं प्लास्टिक झालं, बर्फ तर झालाच. शेवटचं कात्रण त्यांनी खाली ठेवलं, तरी हातात एक चिठ्ठी उरली होती.

“शेवटची बातमी,” मास्तर म्हणाले. “खोकला. काल डॉक्टरला दाखवलं. औषध चालू केलं आहे.”

माइक चालू असल्याचा लाल दिवा विझायच्या आत बाहेर फोन वाजला. ताईने पेन्सिल उचलली.  पलीकडे तोच आवाज, जरा ओला झालेला.

“ऐकलं म्हणावं. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, बरं वाटलं की सोडायच्या नाहीत. आणि ते बर्फाचं आज फार लांबवलं.”

मास्तर चष्मा पुसत बाहेर आले. “काय म्हणाली मंडळी?”

ताईने वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यात सगळं होतं, बर्फासकट.