तिसऱ्या महिन्यातलं पुरळ

धाकट्या बहिणीचा जन्म झाला तेव्हा सुईणीनं रीतीप्रमाणे तिच्या कानाशी पितळी थाळी बडवली. ती दचकली नाही. बायका म्हणाल्या, पोरगी धीराची आहे. वर्षभर आम्ही या धीराचं कौतुक केलं. मग हाक मारली तरी ती वळत नाही, हे आमच्या डोक्यात शिरलं.

आजीनं निकाल लगेच दिला. दुष्काळात, तिसरा महिना चालू असताना, आई कुणाचं न ऐकता खडी फोडायच्या कामावर जात होती. तिथं सुरुंग उडायचे. त्या आवाजानं पोटातल्या लेकराचे कान गेले, असं आजीचं म्हणणं. पाहुणा टेकतो न टेकतो तोच त्याला हे ऐकवलं जाई. आई खाली मान घालून भाकरी थापायची. एकदा मला म्हणाली, "खरंच माझ्यानंच झालं आसंल का रं?" मी तेव्हा शाळकरी पोरगा होतो.

पुढं लातूर जिल्हा झाला, तिथं मोठा दवाखाना झाला. आई आम्हा दोघांना घेऊन अहमदपूरहून एसटीनं गेली. डॉक्टरांनी बहिणीला तपासलं. कान गेलेलेच होते. आईनं सुरुंगाचं विचारलं.

"सुरुंगाचा काही संबंध नाही, ताई. पोटुशी असताना ताप आला होता? अंगावर पुरळ?"

आलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीला थोडं पाणी होतं, म्हणून आत्यानं तिची पोरगी आमच्याकडं आणून सोडली होती. तिच्या अंगावर बारीक लाल पुरळ होतं. सगळ्यांनी घामोळं ठरवलं. आई तिला रोज कडुलिंबाच्या पाल्यानं न्हाऊ घालायची. काही दिवसांनी आईच्या अंगावरही तसंच उठलं आणि आपोआप गेलं.

डॉक्टर म्हणाले, तो बहुतेक रुबेला. मोठ्या माणसाला किरकोळ. पण सुरुवातीच्या महिन्यांत आईकडून बाळाला गेला, तर कान, डोळे, काळीज, काहीही बिघडवतो. "तुमची यात काही चूक नाही."

परतताना मी भलताच खूश होतो. आता आजीची जिरणार होती. आई खिडकीबाहेर बघत होती.

घरी ओसरीवर आजी आणि आत्या बसल्या होत्या. बहीण धावत आत्याच्या पोरीला जाऊन बिलगली. हातवारे करून तिच्याशी तासन्‌तास बोलणारी अख्ख्या नात्यागोत्यात ती एकटीच होती.

"काय म्हणला डाक्टर?" आजीनं विचारलं.

आईनं त्या दोन पोरींकडं पाहिलं.

"माझ्यानंच झालं म्हणला."

मी तोंड उघडलं, तसा तिनं माझा दंड कचकन दाबला. मला तिचा भयंकर राग आला.

"म्या तर पहिल्यापसून सांगायलेय," आजी म्हणाली, आणि तिनं चहा टाकायला सांगितला. आईनं टाकला.