उत्तरेकडची सावली

इथं परदेशात, टाकानिनीतल्या आमच्या घरामागचा कावाकावा आता माझ्या खांद्याला लागतो. इथल्या रानातलं हे झुडूप, बारा महिने हिरवं. पानं थेट विड्याच्या पानासारखी, बदामी. जवळून जाताना माझा हात आपोआप एखाद्या पानाखाली जातो आणि ते उलटून बघतो. ही आईची सवय. आता तिला एवढा प्रवास झेपत नाही.

घर घेतलं त्या वर्षी ती पुण्याहून आली होती. आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन पदवी घेतलेली मी पहिली, आणि स्वतःच्या नावावर जमीन असलेलीही पहिलीच. हे मी मिरवूनच सांगते. आई तर याहून जास्त मिरवायची. तिचा सगळा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. फुलं, दूर्वा, विड्याची पानं, सगळं विकत. म्हणून तिनं एकच हट्ट धरला: परत जायच्या आधी या घरात सत्यनारायण घालायचा, आणि पानं आपल्या अंगणातली ठेवायची.

नागवेल इथल्या थंडीत बाहेर टिकत नाही. नर्सरीत मी तिला कावाकावा दाखवला. तिनं पान चुरगळून हुंगलं, जिभेला लावलं.

"मिरमिरतंय की गं! नागवेलीची चुलत बहीण दिसतेय."

होतीच. दोघी मिऱ्याच्या कुळातल्या. कुंडीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, सावलीत लावा.

"मग उत्तरेच्या भिंतीला लाव," आई म्हणाली. "तिकडं ऊन येत नाही."

मीही मान डोलावली आणि खड्डा खणला.

उन्हाळा होता. नव्या वसाहतीत एकही मोठं झाड नाही. पानं पिवळी पडली, मग कडेनं करपली. आई सकाळ-संध्याकाळ पाणी घाली आणि त्याच्याशी बोलत बसे. एक दिवस शेजारच्या माओरी बाई कुंपणावरून त्यांच्या भाषेत नमस्कार करत डोकावल्या. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो.

"किआ ओरा! या बिचाऱ्याला उन्हात का उभं केलंय? काय गुन्हा केला त्यानं?"

मी म्हटलं, "ही तर उत्तर. सावलीची बाजू."

आंटी इतक्या हसल्या की त्यांनी कुंपण धरलं. "अगं, हा दक्षिण गोलार्ध! इथं सूर्य उत्तरेकडूनच जातो!"

मी आईला मराठीत सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आणि तू इंजिनिअर ना गं?"

"सॉफ्टवेअरची, आई. सूर्याची नाही."

त्याच संध्याकाळी आम्ही झाड दक्षिणेच्या भिंतीशी हलवलं. उरलीसुरली पानंही बहुतेक गळली. आईच्या परतीच्या तिकिटाची तारीख जवळ येत होती. मग कोवळी पानं फुटली, भराभर मोठी झाली, आणि अळ्या लागल्या. पानांची चाळण व्हायला लागली. आई रोज पान न् पान उलटून अळ्या वेचायची. "मेल्यांनो, पूजेपर्यंत तरी दम धरा!"

आंटी म्हणाल्या, "काढू नका. चहाला, औषधाला आम्ही भोकं पडलेलीच पानं तोडतो. चांगलं पान अळीला कळतं."

"चहाला ठीक आहे," आई मला म्हणाली, "देवाला अखंड लागतं."

पूजेच्या सकाळी आम्ही दोघी मागे गेलो. धड असं एकही पान नव्हतं. मी गाडीची किल्ली घेतली. "इंडियन दुकानातून आणते पटकन."

 त्यातली हिरवीगार पानं आईनं निवडून तोडली, धुतली, ओल्या फडक्यानं भोकांच्या कडेकडेनं पुसली आणि चौरंगावर मांडली.

माउंट रॉस्किलहून गुरुजी आले. आठवडाभर ऑफिसात, सुट्टीच्या दिवशी गुरुजी. सुपारी ठेवताना त्यांनी एक पान उचललं.

"काकू, हे किडकं आहे. माझ्या गाडीत चांगली पानं आहेत, आणू का?"

मी आईकडे पाहिलं.

"असू देत, गुरुजी," ती म्हणाली. "घरचं आहे."

गुरुजींनी पान होतं तिथं ठेवलं आणि पोथी उघडली. आई हात जोडून बसली होती. कथेचे सगळे अध्याय होईपर्यंत तिची नजर देवाकडे कमी आणि त्या पानांकडे जास्त होती.