आखूड हौद्याची पिकअप

ऑरिन टवेट पाण्याच्या टाक्या रंगवतो. नेब्रास्कातल्या लहान लहान गावांच्या उंच टाक्या, गावाचं नाव लिहिलेल्या. एका गावात तीन आठवडे, मग पुढचं गाव. राहायला ट्रेलर आणि तो ओढायला चार दारांची पिकअप. ट्रेलर उभे करायच्या चौदा जागा आहेत माझ्याकडे; वर्षातून एकदा तरी त्याचा मुक्काम इथे असतो.

त्याच्या पिकअपचा मागचा, सामानाचा हौदा आखूड. एवढ्या मोठ्या ट्रेलरला लांब हौदा हवा, हे त्यालाही कळत होतं. पण गाडी घेतली तेव्हा बायको लोर्ना आणि दोन मुली बरोबर असायच्या. मुलींना मागे ऐसपैस बसता यावं, म्हणून त्याने लांब हौद्याचा नाद सोडला.

ट्रेलरचं नाक हौद्यातल्या हिचवर, म्हणजे जोडणीच्या लोखंडी बैठकीवर, बसतं. हौदा आखूड असला की अवघड वळणावर ते नाक थेट कॅबिनच्या मागच्या काचेवर येतं. म्हणून वळणाआधी थांबायचं, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावायचे, हिचचा दांडा ओढायचा आणि गाडी हळूच पुढे घ्यायची. मग हिच मागे सरकून खटकन बसते आणि वळायला जागा होते. दोघांना हे दोन मिनिटांचं काम. लोर्ना दांडा ओढून ओरडायची, "ये, ये, ये... अरे बस्स! कान गहाण टाकलेस का?" आणि मुली आत खिदळायच्या.

मुली शिकायला गेल्या, तिकडेच राहिल्या. मग एका हिवाळ्यात लोर्नाने लिंकन शहरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. "मला एकाच खिडकीतून चारही ऋतू बघायचेत, ऑरिन," एवढंच म्हणाली. भांडण नाही, वकील नाही. तो निघाला तेव्हा तिने सँडविच बांधून दिले.

त्यानंतर सात वर्षं तो प्रत्येक वळणाला एकटाच चढ-उतार करत राहिला.

"अरे, विकून टाक ती गाडी. लांब हौद्याची घे," मी म्हणायचे.

"आणि पोरी आल्या तर बसवू कुठे? हौद्यात?"

पोरी तिशीच्या पुढे गेल्या होत्या.

गेल्या सप्टेंबरात, भर दुपारी, मी दोरीवर चादरी घालत होते. वारा जोराचा होता, तरी तो आवाज ऐकू आला. फाटकाच्या वळणाकडे धावत गेले. ट्रेलरचा कोपरा कॅबिनमध्ये घुसला होता आणि मागच्या बाकावर काचेचा खच पडला होता. ऑरिन स्टिअरिंग धरून बसलेला.

"लागलं का रे?"

"नाही. वेल्डा, मी उतरलो होतो. ठोकळे लावले, दांडा ओढला. मला नक्की आठवतंय."

मी हौद्यात पाहिलं. हिच पुढेच होती.

"इथे नाही उतरलास, ऑरिन."

तो उतरून हौद्यापाशी आला. मग म्हणाला, "खरंय. ते मागच्या गावातलं." आणि फुटक्या काचेकडे बघत, "सगळे दिवस एकसारखे झालेत गं. आज उतरलो की तेव्हा, हे सांगायला कुणी नसतं."

मी केरसुणी आणली. त्याने मला हात लावू दिला नाही; बाकाच्या शिवणीत अडकलेले तुकडे त्याने एकेक करून वेचले.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातून त्याने लोर्नाला फोन केला. "काच फुटली... नाही, मी ठीक आहे... नको, येऊ नकोस." मग पलीकडचं ऐकून, "हो, येते असं तू म्हणालीच नव्हतीस. माहीत आहे मला." त्याने फोन ठेवला आणि वाढलेलं चिकन सूप उभ्यानेच प्यायला.

नव्या काचेबरोबर त्याने नवी हिचही बसवून घेतली. वळताना ती आपोआप मागे सरकते.

या एप्रिलमध्ये तो आला. मी सवयीने फाटकापर्यंत गेले. आधी तो ठोकळे लावत बसायचा तेव्हा तिथे आमच्या वीसेक मिनिटं गप्पा व्हायच्या: वारा, गहू, माझा गुडघा. या वेळी गाडी न थांबता वळली. त्याने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली आणि सरळ नऊ नंबरच्या जागेवर गेला.

"कशी आहे रे नवी हिच?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"झकास," तो म्हणाला. "खाली उतरावंच लागत नाही."

मग रंगाचे डबे उचलून तो टाकीकडे गेला.