रिठ्याचं पाणी

सातारा स्टेशनवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबली. नवऱ्याला भोपाळजवळ मंडीदीपच्या कारखान्यात नोकरी लागली होती, म्हणून लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात आम्ही भोपाळला निघालो होतो. आईने खिडकीच्या गजांतून एक कापडी पिशवी आत सारली. मला वाटलं लाडू असतील. निघाले रिठे.

"तिथं मिळतील न मिळतील," ती म्हणाली. गाडी हलली तरी ती रडली नाही. "ऊन दाखवत जा, नाहीतर कीड लागेल," असं ओरडून सांगत राहिली. रडत मी होते, आणि डब्यातल्या लोकांसमोर त्या पिशवीची मला लाजही वाटत होती.

भोपाळच्या शाहपुऱ्यात भाड्याचं घर मिळालं. पिशवी माळ्यावर गेली. साताऱ्याच्या घरी फरशी, भांडी, पायपुसणी सगळं रिठ्याच्या पाण्याने धुतलं जायचं, पितळेला चिंच लागायची. मला ते सगळं मागे टाकायचं होतं. कॉलनीतल्या बायकांकडे होत्या तशा फिनेलच्या निळ्या-गुलाबी बाटल्या मी आणल्या. इथल्या पाण्याने नळांवर पांढरे थर चढतात, त्यासाठी तेजाब, म्हणजे ॲसिडही आणलं. घर चमकायला लागलं.

झाडू-पोछा करायला सुनीता यायची. एकदा मी तिला चहा दिला, तर तिने कप बोटांनी न धरता दोन्ही मनगटांत पकडला. बोटांची कातडी फाटून लाल झाली होती.

"ये क्या हुआ?"

"कुछ नहीं भाभी, तेज़ाब से होता है. सब घरों में यही है."

ती पाच घरं करायची, पण माझ्या घरातली बाटली मीच तिच्या हातात दिली होती. सहा महिने मी फरशीत तोंड दिसतंय का ते बघत होते. तिचे हात एकदाही पाहिले नव्हते.

मी आईला फोन लावला. ती रागावली नाही. "आधी तिच्या हातांना खोबरेल लाव. रिठे आहेत ना?"

रिठे उतरवले, भिजवले, उकळून कुस्करले, गाळले. मोठं पातेलंभर केलं, ते चार दिवसांत आंबलं. "एवढं कशाला केलंस? दोन दिवसांपुरतं करायचं," आई हसली. नळांसाठी लिंबाची सालं व्हिनेगरमध्ये मुरवली आणि त्यात फडकी भिजवून नळांना गुंडाळली.

सुनीताला हे पटेना. "भाभी, इसमें टाइम लगता है. मुझे चार घर और जाना है." तिचं खरं होतं. मग बाथरूम मी माझ्याकडे घेतलं. दीड-दोन महिन्यांनी तिची बोटं भरून आली आणि तिने आणखी दोन घरांतून तेजाब बंद करवलं. आई फोनवर तिच्याशी थेट बोलायला लागली. "रात को भिगाके ठेवना, सुबह उकालना," असलं आईचं हिंदी ऐकून सुनीता पदर तोंडाला लावून हसायची.

पातेल्यात रिठे उकळायला लागले की त्या आंबूस वासाने माझा जीव कासावीस व्हायचा. माहेर हाकेच्या अंतरावर आलंय असं वाटायचं, आणि खिडकीतून शाहपुऱ्याचा तलाव दिसायचा.

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला गेले. बाबा गेल्यापासून आई एकटीच असते. मोरीत गुलाबी फिनेलची बाटली दिसली. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "गुडघे साथ देत नाहीत गं. आता कुठं जमतंय." चार दिवस मी ते घर घासत होते. आई खुर्चीत बसून कोपरे दाखवत होती, आणि मध्येच माझ्याकडे नुसतीच बघत राहायची.

निघताना रिक्षात बसले, तेव्हा तिने माझा हात धरला. "घरी पोचलीस की फोन कर."

आजवर ती 'भोपाळला पोचलीस की' म्हणायची. तिने हे सहज म्हटलं की ठरवून, मला कळलं नाही. तिने मला मोकळं केल्यासारखं वाटलं, आणि मला सुटायचं नव्हतं. रिक्षा वळेपर्यंत मी मागे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाहपुऱ्यात कुलूप उघडलं आणि फोन लावला. "भोपाळ" ओठांवर आलं होतं.

"आई, घरी पोचले," मी म्हणाले.

पलीकडे ती खुर्चीत टेकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं झालं."