देवरीकडचा पाणी वाटणारा

बायको गेल्यापासून मले घरात बसवत नाही. उठतो, तलावाच्या पाळीवर जातो, अन् तिथं तो माणूस आठवते.

इंग्रजांच्या काळची गोष्ट. गोरेगावकडच्या आमच्या गावात त्या साली पाऊस मधातच गेला. सगळ्यांच्या धानाले पुरेल एवढं पाणी तलावात नव्हतं. गावात मारामारी नको म्हणून गावच्या मालकानं, मालगुजारानं, पाणी वाटाले देवरीकडचा माणूस आणला. त्याचं नाव कोणी विचारलं नाही. उंच, काळा, खांद्यावर फावडं. एका जागी उभा राहतच नसे. बोलता बोलता पायानं चिखल दाबे, पाटातला पाला काढे.

पंचांनी ठरवलं, उंचावरच्या बांध्या, म्हणजे धानाचे वावरं, वाळू द्यायच्या अन् खालच्या वाचवायच्या. आमची बांधी उंचावर. धान पोटरीत आलेला, लोंब निघाच्या बेतात.

तो आला अन् म्हणाला, "तुझ्या बांधीत येते त्या पाटाचं तोंड तूच बुजव."

"काऊन? तुझे हात मोडले का?"

"मी बुजवलं त तू जन्मभर म्हणशील, परक्यानं मारलं. तू बुजव, मंग भांडण राहत नाही."

मी माती हातात घेऊन नुसता उभा. बायकोनं ती हिसकली, खाली बसली, तोंड बुजवलं अन् वरून थापटलं. मंग त्याच्यावरच खेकसली, "पाहून काय राहिला? जा, खालचे वाट पाहून राहिले."

आमचा धान वाळला. त्या माणसाचा राग माह्या मनात अजून आहे. तिच्या मनात तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही.